सात जाकिटं

जाकिटं सात, म्हणून माणसं सात.
आठव्याला मी काठावर थांबवतो.
तो म्हणतो, पोहता येतं मला.
मी म्हणतो, पोहता येणारेच बुडतात, भाऊ,
न येणारे घरी बसतात.
वाक्य माझं नाही, झिपरूमामाचं.
नावही त्याचीच, मासे धरायची.
मी तिला बाकं ठोकली, निळा रंग दिला,
भुसावळहून जुनं इंजिन आणलं
आणि पाटबंधारेच्या साहेबाकडे अकरा खेटे घातले
एका शिक्क्यासाठी.

हतनूरचा फुगवटा.
रविवारी जळगावच्या गाड्या येतात,
भरताची पार्टी, कळण्याच्या भाकरी,
काड्यांच्या जाळावर वांगी फुटल्याचा वास.
खाऊन जड झालेली माणसं नावेत उतरतात
तेव्हा मी आधी वजनं बघतो, मग तोंडं.
सासू या बाजूला, सून त्या बाजूला,
मधे मुलगा.
दोरी चार वेळा ओढावी लागते,
तिसऱ्यांदा मी एक विनोद करतो,
चौथ्यांदा इंजिन हसतं.

सगळे एकच विचारतात: किती खोल आहे?
खरं सांगायचं तर हिवाळ्यात दोन पुरुष,
उन्हाळा लागला की बांबू टेकतो.
पण एवढ्याशा पाण्याचे पन्नास रुपये कोण देईल?
मी चाळीस फूट सांगतो.
कॉलेजची पोरं असली तर साठ,
म्हणजे सेल्फीला उभी राहत नाहीत.

पहाटे येतात ते वेगळे.
लांब नळीचे कॅमेरे, कुजबुज.
थापट्या, चक्रवाक, तलवार बदक
ही नावं त्यांनीच दिली मला,
आम्ही तर सगळ्यांना बदकच म्हणायचो.
ते इंजिन बंद करायला लावतात
आणि बंद इंजिनाचे जास्त पैसे देतात.
हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आई तिकिटं फाडते, बाभळीखाली,
तेलाच्या पालथ्या डब्यावर बसून.
पैसे भरायचा कोड पुठ्ठ्यावर चिकटवून
सुतळीनं गळ्यात अडकवलाय.
मोबाइल म्हणतो, पन्नास रुपये मिळाले,
ती त्याला म्हणते, हो रे बाबा.
सहा हिवाळे झाले, नावेत कधी बसली नाही.
विचारलं की म्हणते,
गिऱ्हाईकाची जागा कशाले अडवू?

होळीच्या आदल्या दिवशी
पाणी इतकं मागे गेलेलं
की नाव ओढून काढायची ठरली.
दुपारपर्यंत कुणी आलं नाही.
आई उठली. एक तिकीट फाडलं,
अर्धं पिशवीत टाकलं, अर्धं माझ्या हातात दिलं,
आणि कनवटीची पन्नासाची नोट.
लुगड्यावर जाकीट चढवलं, पट्टा स्वतः आवळला.
मी तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि गप्प राहिलो.
ती म्हणाली, विनोद राहिला.

बुडालेल्या चिंचेच्या खोडापाशी
जिथे पाणकावळे पंख वाळवतात
तिथे तीच बोलायला लागली.
मंडळी, हे झाड तीनशे वर्षांचं.
माझेच शब्द, माझाच थांबा,
थांब्यानंतरचा तोच खाकरा.

तुले कसं माहीत?

आवाज येतो ना रे पाण्यावरून.
कधी चाळीस, कधी साठ.
शनवारी त्या रडणाऱ्या पोरीले
'तुह्या गुडघ्याइतकं' सांगितलं,
ते आवडलं मले.

मी इंजिन बंद केलं.
लांब काठावर डबा दिसत होता, रिकामा.
इतकी वर्षं तिथून कुणीतरी ऐकत होतं
आणि मला वाटायचं, मी नुसता सांगतोय.

तिनं बांबू उचलला, सरळ खाली सोडला.
टेकला.
ओल्या खुणेवर बोट ठेवून तिनं बघितलं,
मग पदरानं बांबू पुसून परत जागेवर ठेवला.

पुढच्या साली साठ कर तिकीट, ती म्हणाली,
अन् जाकिटं आठ.